तालीम (कुस्ती)

तालीम ही कुस्तीचे व शरीरसंवर्धनाचे शिक्षण देणारी पारंपरिक संस्था आहे. मातीचा हौदा, मेहनतीची जागा, मल्लांच्या राहण्याच्या खोल्या आणि हनुमंताचे छोटे देवस्थान हे तिचे नेहमीचे घटक होत. महाराष्ट्रात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व पुणे या भागांत तालमींची परंपरा विशेष समृद्ध आहे. मराठवाड्यातील लातूर व बीड या जिल्ह्यांनी राज्याला व देशाला नामवंत मल्ल दिले. मात्र त्यांपैकी अनेकांचे पुढील शिक्षण कोल्हापूर वा पुणे येथील तालमींत झाले. एखाद्या तालमीतून एक विजेता मल्ल निघणे आणि तीच तालीम अनेक पिढ्या विजेते घडवत राहणे या दोन भिन्न गोष्टी असून, तालमीची थोरवी ठरवताना दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची मानली जाते.

शब्दाचा अर्थ

'तालीम' हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ 'शिक्षण' असा आहे. मराठीत तो व्यायामशाळा व कुस्तीची शाळा या अर्थाने रूढ झाला. नाटकाच्या सरावासही तालीम म्हणतात. 'वस्ताद' हे 'उस्ताद' या फारसी शब्दाचे मराठी रूप आहे. 'पैलवान' हा शब्दही फारसीतूनच आला. तालमीच्या प्रमुख शिक्षकास वस्ताद म्हणतात आणि त्याच्या हाताखाली शिकणाऱ्यांना पठ्ठे.

स्वरूप व दिनक्रम

हौद्यातील तांबडी माती चाळून मऊ केलेली असते. तीत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस, कापूर इत्यादी पदार्थ मिसळतात. माती वेळोवेळी खणून भुसभुशीत ठेवणे हे मल्लांचेच काम असते व तोही व्यायामाचा भाग समजला जातो.

दिवसाची सुरुवात पहाटे, सूर्योदयापूर्वी होते. जोर, बैठका, सपाट्या व दोरावर चढणे यांनी शरीर तयार केले जाते. त्यानंतर हौद्यात प्रत्यक्ष लढतीचा सराव होतो. ढाक, कलाजंग, घिस्सा, मोळी, एकेरी व दुहेरी पट असे डाव वस्ताद शिकवतो. सरावाच्या वेळी मल्ल आपल्यापेक्षा बलवान, समान आणि नवशिक्या अशा तिन्ही प्रकारच्या जोडीदारांशी खेळतो. बलवानाशी खेळताना त्याचा बचाव सुधारतो, तर नवशिक्याशी खेळताना त्याला डाव बसवून पाहता येतो. दुपारी विश्रांती आणि संध्याकाळी पुन्हा मेहनत असा क्रम असतो.

दूध, तूप, बदामाची थंडाई इत्यादी पौष्टिक आहारास 'खुराक' म्हणतात. खुराकाचा खर्च मोठा असतो. शेतकरी कुटुंबातील मुलाच्या बाबतीत तो अनेकदा घरची दुभती जनावरे, गावाची वर्गणी आणि यात्रांतील कुस्त्यांत मिळणारे इनाम यांतून भागवला जातो. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा आणि लातूर येथील सिद्धेश्वराची यात्रा यांसारख्या प्रसंगी भरणाऱ्या कुस्त्यांच्या दंगली म्हणूनच होतकरू मल्लांना महत्त्वाच्या वाटतात. तेथे पैसा मिळतो, तसेच पंचक्रोशीतील जाणकारांच्या नजरेसमोर येण्याची संधीही मिळते.

इतिहास

कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज (कारकीर्द १८९४ ते १९२२) यांनी कुस्तीला राजाश्रय दिला. त्यांनी देशाच्या विविध भागांतील मल्लांना कोल्हापुरात आणले. त्यांच्याच काळात खासबाग हे कुस्तीचे प्रशस्त मैदान बांधले गेले व १९१२ मध्ये खुले झाले. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींमुळे हे शहर 'कुस्तीची पंढरी' म्हणून ओळखले जाऊ लागले. उत्तम वस्ताद, तोलाचे जोडीदार, कुस्ती पाहणारा जाणकार प्रेक्षक आणि मोठे मैदान या चारही गोष्टी तेथे एका ठिकाणी उपलब्ध होत्या.

महाविद्यालयीन क्रीडाजीवनाचा आणि या परंपरेचा संबंध खाशाबा जाधव यांच्या रूपाने दिसतो. कराडजवळील गोळेश्वर गावचे जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ५७ किलो वजनगटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. हेलसिंकीच्या प्रवासासाठी त्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते.

१९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे हे पहिले हिंदकेसरी ठरले. पुढच्याच वर्षी हा किताब गणपत आंदळकर यांना मिळाला. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकर आणि मारुती माने या दोघांनीही प्रत्येकी एक सुवर्ण व एक रौप्यपदक पटकावले. राज्यातील सर्वोच्च मानली जाणारी महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ पासून होत आहे. विजेत्यास चांदीची गदा देतात. या स्पर्धेत माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांच्यात अंतिम लढत होते.

मराठवाड्यातील गुरुपरंपरा

एका तालमीचे श्रेष्ठत्व दुसऱ्या तालमीत कसे पोहोचते, याचे ठळक उदाहरण लातूर जिल्ह्यातून निघालेल्या गुरुपरंपरेत सापडते.

हरिश्चंद्र बिराजदार हे निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे. कुस्तीक्षेत्रात ते 'बिराजदार मामा' म्हणून परिचित होते. त्यांनी कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत शिक्षण घेतले. १९६९ मध्ये ते महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० च्या एडिनबरो राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. हिंदकेसरी व रुस्तुम-ए-हिंद हे किताबही त्यांना मिळाले. दिल्लीचे मल्ल सतपाल यांच्यावर त्यांनी बेळगावच्या मैदानात मिळवलेला विजय विशेष गाजला. स्वतःची कुस्ती थांबल्यावर ते पुण्यातील गोकुळ वस्ताद तालमीत शिकवू लागले. २००६ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार देण्यात आला. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले.

लातूर जिल्ह्याचेच काका पवार हे बिराजदारांचे शिष्य. ग्रीको-रोमन प्रकारातील कामगिरीसाठी त्यांना १९९८ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. कंबरेखाली पकड घेण्यास या प्रकारात मनाई असते. त्यामुळे मातीत वाढलेल्या मल्लास तो नव्याने शिकावा लागतो. पवार यांनी पुढे पुण्याजवळ कात्रज येथे कुस्ती संकुल उभे केले.

बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे प्रथम गोकुळ वस्ताद तालमीत बिराजदारांकडे शिकला. गुरूच्या निधनानंतर तो पवार यांच्या संकुलात दाखल झाला. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकले आणि ते बिराजदारांना अर्पण केले. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात त्याला कांस्यपदक मिळाले.

जानेवारी २०२० मध्ये पुण्यात झालेल्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम फेरीत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके समोरासमोर आले. सदगीर गादी विभागातून, तर शेळके माती विभागातून आला होता आणि दोघेही काका पवार यांचेच पठ्ठे होते. सदगीरने कुस्ती जिंकली आणि पराभूत शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. जानेवारी २०२३ मध्ये शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड हे पवार यांचे आणखी दोन शिष्य अंतिम फेरीत परस्परांशी लढले. राक्षे विजयी झाला.

बिराजदार ज्या गंगावेश तालमीत घडले, तिचीही परंपरा खंडित झाली नाही. तेथे शिकलेला सिकंदर शेख नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी झाला. बिराजदारांच्या विजयाला तेव्हा ५४ वर्षे झाली होती.

दीर्घकालीन श्रेष्ठत्वाची कारणे

वस्तादांची परंपरा: विजेता मल्ल चांगला वस्ताद होईलच असे नाही. जो होतो, त्याने आपल्या पठ्ठ्यांतून पुढचा वस्ताद तयार केला, तरच ज्ञान टिकते. वरील परंपरेत गुरूचे निधन झाल्यावर शिष्याचे शिक्षण थांबले नाही, कारण त्याला पुढे नेणारा गुरुबंधू तयार होता.

जोडीदार: मल्लाची प्रगती रोजच्या सरावातील जोडीदारावर अवलंबून असते. ज्या तालमीत एकाच वजनाचे चार-पाच तोलाचे मल्ल असतात, तेथे नव्या मुलाला दररोज कठीण परीक्षा द्यावी लागते. त्यामुळे नामवंत तालमीकडे गुणी मुले येतात आणि गुणी मुलांमुळे तालीम नामवंत राहते. एकाच संकुलाचे दोन मल्ल अंतिम फेरीत पोहोचतात, ते याच कारणाने.

आश्रय: संस्थानांच्या विलीनीकरणानंतर राजाश्रय संपला. त्याची जागा काही प्रमाणात साखर कारखाने, दानशूर व्यक्ती, शासकीय मानधन आणि पोलीस, रेल्वे व सैन्यदलातील नोकऱ्यांनी घेतली. खुराकाची व दुखापतीवरील उपचारांची शाश्वती नसलेला मल्ल ऐन उमेदीत कुस्ती सोडतो.

बदल स्वीकारण्याची तयारी: पारंपरिक मैदानी कुस्ती निकाली असते, पाठ टेकून चितपट झाल्याखेरीज निर्णय मानला जात नाही. गादीवरील कुस्तीत तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात आणि गुणांवर निकाल लागतो. मातीत दम व ताकद यांना, तर गादीवर चपळाईला व गुणांच्या हिशोबाला महत्त्व येते. मातीचा पाया न सोडता ज्या तालमींनी गादी स्वीकारली, त्याच पुढे राहिल्या.

शिस्त: वेळेवर उठणे, व्यसनांपासून दूर राहणे, धाकट्यांनी हौद्याची सेवा करणे आणि थोरल्यांनी धाकट्यांना डाव सांगणे हे नियम लिहून ठेवलेले नसतात. ज्येष्ठ मल्लांच्या वागण्यातून ते पुढील पिढीला कळतात.

अन्य परंपरांशी तुलना

दिल्लीत गुरू हनुमान यांच्या आखाड्यात सतपाल घडले. बेळगावात बिराजदारांकडून पराभूत झालेल्या सतपाल यांनी १९८८ पासून दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमवर मुलांना शिकवण्यास सुरुवात केली. त्यांचा शिष्य सुशील कुमार याने २००८ मध्ये ऑलिंपिक कांस्य व २०१२ मध्ये रौप्यपदक जिंकले. रवी दहिया (२०२० च्या टोकियो स्पर्धेत रौप्य) आणि अमन सेहरावत (२०२४, कांस्य) हेही छत्रसालचेच असून, दोघांची पदके ५७ किलो गटातील आहेत. मैदानातील दोन प्रतिस्पर्धी पुढे दोन परंपरांचे वस्ताद झाले. दिल्लीच्या परंपरेने मात्र गादी व ऑलिंपिक वजनगट यांवर आरंभापासून भर दिला.

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्येही हाच प्रश्न चर्चिला जातो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संघाने जॉन वूडन यांच्या मार्गदर्शनाखाली १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. वूडन निवृत्त झाल्यानंतर त्या संघाला केवळ १९९५ मध्ये विजेतेपद मिळाले. केंटकी विद्यापीठाची आठ विजेतेपदे मात्र पाच वेगवेगळ्या प्रशिक्षकांच्या काळातील आहेत. पहिल्या उदाहरणात एका गुरूच्या कर्तृत्वाची उंची दिसते, तर दुसऱ्यात संस्थेचा टिकाऊपणा.

मर्यादा व टीका

हेलसिंकीनंतर महाराष्ट्राच्या एकाही मल्लाला ऑलिंपिक पदक मिळालेले नाही. राज्याला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ७२ वर्षे लागली आणि तेही नेमबाजीत, कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याच्या रूपाने २०२४ मध्ये मिळाले. महाराष्ट्र केसरीची प्रतिष्ठा वजनदार मल्लांच्या वाट्याला येते. खाशाबा जाधव व राहुल आवारे यांचे यश मात्र हलक्या वजनगटांतील आहे. त्यामुळे गदेच्या आकर्षणापोटी हलक्या गटांकडे दुर्लक्ष होते, अशी टीका केली जाते.

मराठवाड्याच्या संदर्भात दुसरा प्रश्न स्थलांतराचा आहे. बिराजदारांपासून शेळकेपर्यंत लातूरच्या मल्लांना घडण्यासाठी जिल्हा सोडावा लागला आणि येथून गेलेले वस्तादही पुण्यातच शिकवू लागले. बाहेर ठेवण्याचा खर्च ज्या कुटुंबाला झेपत नाही, त्या घरचा मुलगा यात्रेतील कुस्तीच्या पुढे जाऊ शकत नाही. कोल्हापूरची भरभराट एका ठिकाणी एकवटलेल्या साधनांमुळे झाली, हे ध्यानी घेता लातूर-नांदेड भागात निवासी तालमी, गादी आणि पूर्णवेळ वस्ताद यांची सोय होणे हा या परंपरेच्या पुढील वाटचालीतील कळीचा मुद्दा ठरतो.

पारंपरिक तालमींत स्त्रियांना प्रवेश नसे. ही स्थिती हळूहळू बदलत असून, मार्च २०२३ मध्ये सांगली येथे पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. तीत सांगलीची प्रतीक्षा बागडी विजेती ठरली.

हेही पहा

महाराष्ट्र केसरी
हिंदकेसरी
खाशाबा जाधव
हरिश्चंद्र बिराजदार
खासबाग मैदान
माळेगाव यात्रा