नॅनोविज्ञानाची प्रयोगशाळा : तेथील माणसे व त्यांची कामे

प्रयोगशाळेचे नाव निघाले की परीक्षानळी उजेडाकडे धरून एकाग्रतेने पाहणारा एकटा शास्त्रज्ञ बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. हे चित्र एके काळी पुष्कळसे खरे होते. नॅनोविज्ञानाच्या आजच्या प्रयोगशाळेस मात्र ते लागू पडत नाही. तेथे सिलिकॉनच्या चकतीवर एक बारीक रेघ उमटावयाची असेल, तर हवा गाळणारा, पाणी शुद्ध करणारा, निर्वात राखणारा, वायूंच्या नळ्या तपासणारा आणि यंत्राची दुरुस्ती जाणणारा, असे अनेकजण आपापल्या जागी दक्ष असावे लागतात. त्यांपैकी एकाची नजर चुकली, तरी कित्येक आठवड्यांचे श्रम वाया जातात.

विद्यार्थ्यांनी व पालकांनी ही गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. विज्ञानात जागा आहे ती केवळ डॉक्टरेट मिळविणाऱ्यांनाच, या समजुतीपायी अनेक हुशार मुलेमुली दहावी-बारावीनंतर या वाटेकडे पाठ फिरवितात. आणि दुसरीकडे, कोट्यवधी रुपये खर्चून आणलेले यंत्र शिकलेल्या हातांवाचून अडून राहू शकते.

नॅनो म्हणजे किती लहान?

एका मीटरचे शंभर कोटी समान भाग केले, तर त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. माणसाच्या डोक्याचा केस सुमारे ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. सामान्यतः १ ते १०० नॅनोमीटर या मापातील वस्तूंचा अभ्यास करणारी शाखा ती नॅनोविज्ञान होय.

वस्तू इतकी लहान झाली की तिचे गुणधर्मही पालटतात. बाजूची लांबी एक सेंटिमीटर असलेला घन घेतला, तर त्याचे पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर भरते. त्याच घनाचे एकेक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर पदार्थ तेवढाच राहतो. परंतु सर्व तुकड्यांचे मिळून पृष्ठफळ सहा हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ साठ गुंठे जमिनीएवढे होते! रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडत असल्यामुळे अशी पूड मूळ पदार्थाहून कितीतरी अधिक क्रियाशील असते. रंगही बदलतो. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरले असता ते पाणी पिवळे न दिसता माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरडे याने या लाल द्रवाचा अभ्यास १८५७ सालीच केला होता.

या मापावर हेतुपुरस्सर काम करता येईल, ही कल्पना अमेरिकन पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन याने २९ डिसेंबर १९५९ रोजी एका व्याख्यानात मांडली. १९७४ साली जपानचे नोरिओ तानिगुची यांनी 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द योजिला. पुढे १९८१ साली झुरिक येथे गेर्ड बिनिग व हाइनरिक रोरर यांनी असा सूक्ष्मदर्शक बनविला, की ज्याच्या साहाय्याने पृष्ठभागावरील अणूंची रचना पाहता येऊ लागली. १९८६ सालच्या नोबेल पारितोषिकात ते दोघे वाटेकरी झाले.

पवई येथील एक उदाहरण

मुंबईत पवई तलावाच्या काठी भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने २००६ साली येथे आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत नॅनोइलेक्ट्रॉनिकीची केंद्रे स्थापन झाली. त्यांतून पवईची नॅनो-रचना प्रयोगशाळा उभी राहिली. तीत सिलिकॉनच्या चकतीवर ट्रान्झिस्टर, संवेदक व तत्सम सूक्ष्म रचना घडविल्या जातात. इतकी महागडी यंत्रे प्रत्येक महाविद्यालयास घेणे शक्य नाही, हे ओळखून २००८ साली एक योजना सुरू करण्यात आली. तिच्या अन्वये देशातील इतर संस्थांचे संशोधक या केंद्रांत येऊन शिकू लागले व आपले प्रयोग तेथे करू लागले. अशा रीतीने प्रयोगशाळा ही एका संस्थेची मालमत्ता न राहता, गावच्या पाणवठ्याप्रमाणे अनेकांच्या उपयोगाची झाली. पाणवठा जितका सामाईक, तितकी त्याची निगा अधिक राखावी लागते. आणि ही निगा राखणे हाच तेथील अनेकांचा व्यवसाय आहे.

स्वच्छ कक्ष व त्याचे राखणदार

अशा प्रयोगशाळेचा गाभा म्हणजे स्वच्छ कक्ष. तेथील माणसे त्यास 'क्लीनरूम' म्हणतात. हवेतील साधा धूलिकण हजारो नॅनोमीटरांचा असतो. शंभर नॅनोमीटर रुंदीच्या रेघेवर तो पडणे म्हणजे पाऊलवाटेवर डोंगर कोसळणे होय. म्हणून छतातील दाट गाळण्यांतून हवा सतत गाळून खाली सोडली जाते. 'शंभर' या श्रेणीच्या कक्षात एका घनफूट हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे असे शंभराहून अधिक कण असता कामा नयेत. कक्षातील सर्वांत मोठा धूळ-उत्पादक म्हणजे खुद्द माणूस! त्याच्या त्वचेतून व कपड्यांतून सतत कण गळत असतात. यास्तव आत जाणारास डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा पोशाख, हातमोजे व मुखपट्टी घालावी लागते. तेथे पेन्सिल व साधा कागद वर्ज्य असतो आणि भरभर चालणेही निषिद्ध मानतात.

हवेचे तापमान, आर्द्रता व दाब यांवर नजर ठेवणे हे वातानुकूलन-तंत्रज्ञाचे काम. चकत्या धुण्यासाठी जे पाणी लागते, त्यात विरघळलेले क्षार जवळजवळ उरलेले नसतात. असे पाणी अहोरात्र तयार ठेवणारा तंत्रज्ञ वेगळा. ज्या यंत्रांत धातूचे पातळ थर चढवितात, त्यांच्या आतील हवा जवळजवळ संपूर्ण काढून टाकावी लागते. म्हणून निर्वात पंपांची जोडणी व दुरुस्ती जाणणाऱ्यास तेथे मोठा मान असतो. बोटाचा ठसा आतल्या पत्र्यावर राहिला, तरी त्यातील तेलाची वाफ निर्वात बिघडविते. तेव्हा हातमोजा न विसरणारा माणूस हा तेथे खरा कुशल माणूस.

धोका ओळखणारे डोळे

या प्रयोगशाळेत वापरले जाणारे काही पदार्थ अत्यंत घातक असतात. सिलेन हा वायू हवेशी संयोग होताच आपोआप पेट घेऊ शकतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल काचही खाऊन टाकते. ते सौम्य असल्यास त्वचेवर पडताक्षणी वेदना होईलच असे नाही. परंतु ते आत झिरपून ऊतींचा व हाडांचा नाश करू शकते. अशा वेळी लावावयाचे कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम जवळच ठेवावे लागते. अतिसूक्ष्म पूड श्वासावाटे फुप्फुसात खोल जाऊ शकते, म्हणून ती उघड्यावर हाताळीत नाहीत.

यासाठी सुरक्षा-अधिकारी नेमलेला असतो. वायूंची गळती दाखविणारी उपकरणे तपासणे, रसायनांची नोंद ठेवणे, वापरलेल्या आम्लांची योग्य विल्हेवाट लावणे आणि नवागतास शिक्षण दिल्यावाचून आत पाऊल टाकू न देणे, ही त्याची कर्तव्ये होत. रसायनशास्त्राचे पदवीधर व औद्योगिक सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले लोक या कामास योग्य ठरतात. त्यांचे यश कोणाच्या नजरेस येत नाही. कारण अपघात न घडणे हेच त्यांचे यश.

पाहणारे व मोजणारे

घडविलेली वस्तू खरोखर इच्छेप्रमाणे झाली की नाही, हे साध्या सूक्ष्मदर्शकातून कळत नाही. दृश्य प्रकाशाच्या लहरी शेकडो नॅनोमीटर लांबीच्या असतात. त्यांहून पुष्कळ लहान वस्तू त्यांना दाखविता येत नाहीत. म्हणून इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शक वापरावा लागतो. ज्या प्रकारात इलेक्ट्रॉन वस्तूच्या आरपार जातात, त्यासाठी वस्तूचा काप बहुधा शंभर नॅनोमीटरहून पातळ लागतो. मऊ पदार्थांचा असा काप हिऱ्याच्या सुरीने घेतात. तो तुटू न देता पाण्यावर तरंगविणे आणि जाळीवर उचलून घेणे ही हस्तकला आहे. ती पुस्तकावरून साधत नाही. जाणत्याच्या शेजारी बसूनच आत्मसात होते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एक संशोधन येथे सांगण्यासारखे आहे. २००४ साली मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, परसात वाढणाऱ्या गवती चहाचा अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला असता सोन्याचे अतिसूक्ष्म त्रिकोणी पत्रे तयार होतात. साध्या डोळ्यांना केवळ द्रावणाचा रंग बदललेला दिसतो. ते पत्रे त्रिकोणी आहेत, हे इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाने सांगितले. वनस्पतीची जाण, रसायनाची जाण आणि यंत्र चालविण्याची हातोटी एकत्र आल्यावाचून असा शोध लागत नाही. नॅनोविज्ञानात पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र व अभियांत्रिकी यांच्या सीमा पुसट होतात त्या अशा.

शिक्षण कोणते व किती?

कामांप्रमाणे शिक्षणाच्या पायऱ्या ठरतात. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री, फिटर, प्रशीतन व वातानुकूलन किंवा इलेक्ट्रॉनिकी यांपैकी एखादा व्यवसाय शिकलेला उमेदवार तंत्रज्ञाच्या जागेसाठी अर्ज करू शकतो. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांत अशी पदे असतात. अभियांत्रिकीची पदविका किंवा विज्ञानाची पदवी घेतलेल्यास तांत्रिक साहाय्यकाची वाट मोकळी असते. पदव्युत्तर शिक्षण घेतलेले लोक यंत्रांचे व प्रक्रियांचे अभियंते होतात. डॉक्टरेटचा अभ्यास करणाऱ्यांस राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून शिष्यवृत्ती मिळू शकते, आणि त्यापुढे वैज्ञानिकाचे किंवा प्राध्यापकाचे पद. यांखेरीज भांडारपाल, हिशेबनीस, परदेशातून सुटे भाग मागविणारा खरेदी-अधिकारी, यंत्रशाळेतील कातारी आणि काचेची उपकरणे फुंकून घडविणारा कारागीर यांचेही या कार्यात स्थान आहे.

मात्र एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. संशोधनसंस्थांतील अनेक जागा एखाद्या प्रकल्पापुरत्या, एक-दोन किंवा तीन वर्षांच्या मुदतीच्या असतात. प्रकल्प संपला की नेमणूकही संपते. जाहिरात वाचताना पद कायम आहे की मुदतीचे, हे प्रथम पाहावे. मुदतीची नेमणूक निरुपयोगी असते असे नाही. निर्वात यंत्रे, स्वच्छ कक्ष व सूक्ष्मदर्शक यांचा अनुभव घेतलेल्या माणसाची गरज औषधांच्या, सौर-विद्युतघटांच्या व अर्धवाहकांच्या कारखान्यांतही भासते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने गुजरातेतील धोलेरा येथे अर्धवाहकांच्या मोठ्या कारखान्यास मान्यता दिली. अशा कारखान्यास इमारतीआधी माणसांची तयारी करावी लागते.

लहान गावातून जाणारी वाट

पवई किंवा पुणे ही नावे लहान गावातील विद्यार्थ्यास दूरची वाटतात. परंतु अशी केंद्रे केवळ मोठ्या शहरांतच आहेत असे नाही. महाराष्ट्राबाहेरचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. राजस्थानात जयपूरच्या उत्तरेस, सीकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर चौमूं हे तहसिलीचे गाव आहे. तेथून तीस-पस्तीस किलोमीटरवर जयपूरला मालवीय राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. तीत पदार्थांच्या संशोधनाचे केंद्र असून इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकासारखी साधने आहेत. उलट दिशेने सीकरच्या पुढे झुंझुनू जिल्ह्यात गेले, तर पिलानी हे छोटे गाव लागते. तेथील केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेची कोनशिला पंडित जवाहरलाल नेहरू यांनी १९५३ साली बसविली. वाळूच्या टेकड्यांच्या त्या मुलखात आज स्वच्छ कक्षात अर्धवाहकांची उपकरणे व सूक्ष्म संवेदक घडविले जातात. चौमूंच्या शाळेतील मुलीस या दोन्ही संस्था आपल्याच मुलखातल्या आहेत. त्याच न्यायाने सांगली किंवा कोल्हापूरकडील विद्यार्थ्यास शिवाजी विद्यापीठ जवळ आहे, आणि तेथे नॅनोविज्ञानाचे स्वतंत्र शिक्षण मिळते.

शाळेत असतानाच या कामाची पूर्वतयारी करता येते, आणि तिला खर्च येत नाही. मोजलेला आकडा मनाजोगा नसला तरी जसाच्या तसा वहीत लिहिणे, एकच माप तीनदा घेणे, वापरलेले भांडे स्वच्छ करून जागेवर ठेवणे आणि मोडलेली वस्तू लपवून न ठेवता शिक्षकांस दाखविणे, या सवयी ज्यास लागल्या, त्याने प्रयोगशाळेचे अर्धे शिक्षण पुरे केले. इंग्रजीतील सूचनापुस्तिका वाचून समजून घेण्याइतके त्या भाषेचे ज्ञानही मिळवावे. यंत्राबरोबर येणारी माहिती बहुधा त्याच भाषेत असते.

प्रत्यक्ष पाहण्याची संधीही मिळू शकते. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणाचा आपला शोध जाहीर केला. त्याच्या स्मरणार्थ १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञानदिन म्हणून पाळला जातो, आणि त्या सुमारास अनेक प्रयोगशाळा विद्यार्थ्यांसाठी आपली दारे उघडतात. शाळांनी आधी पत्र पाठवून अशी भेट ठरवावी. तेथे गेल्यावर विद्यार्थ्यांनी रामन यांच्या शोधावर आधारलेला वर्णपटमापक कोठे आहे, असे अवश्य विचारावे. कार्बनच्या एकाच अणूइतक्या जाडीचा थर ओळखण्यासाठी आज हेच उपकरण वापरतात. आणि ते कोणत्या शास्त्रज्ञाच्या मालकीचे आहे एवढेच न विचारता, ते रोज सकाळी चालू कोण करतो, याचीही चौकशी करावी. त्या माणसाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते.