वाळूकडून फांदीकडे

वाळवंटी सरडा वाळूवरच पडून राहतो, ही समजूत पाळणाऱ्यांमध्ये फार काळ टिकली. काचेची पेटी, तळाला वाळू, कोपऱ्यात एक दगड आणि वर दिवा, एवढेच त्याचे घर. खरे तर हायनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने 1942 च्या आपल्या ग्रंथात बंदिस्त प्राण्याला जागा किती आहे यापेक्षा ती कशी आहे, याला महत्त्व दिले होते. पुढे 1944 मध्ये रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी वाळवंटी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या उष्णतेच्या गरजांवर निबंध प्रसिद्ध केला. उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात जात सरडा आपले तापमान राखतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

चढणे हा याच धडपडीचा भाग आहे. दुपारी वाळू पोळू लागते, पण झुडपात हातभर उंचीवर हवा सुसह्य असते. सकाळी ऊन खायला, हद्दीवर नजर ठेवायला आणि प्रतिस्पर्ध्याला दिसायलाही उंच जागाच उपयोगी पडते. उदाहरणार्थ, जबलपूरच्या गढा परिसरातील मदनमहाल टेकडीवर ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे आहेत. मध्य भारतातील अशा उघड्या खडकांवर ब्लॅनफर्डचा खडकसरडा राहतो. तो वाळवंटी नाही, पण तापलेल्या दगडावर जगण्याची रीत तीच. विणीच्या काळात लालभडक झालेला नर उंच दगडावर बसून डोके वरखाली हलवतो.

ऑस्ट्रेलियाचा बिअर्डेड ड्रॅगन घरोघरी पोहोचला तेव्हा पेटीची रचना बदलणे भाग पडले, कारण हा सरडा मूळचाच कुंपणाच्या खांबांवर आणि झाडांच्या बुंध्यांवर बसणारा. आता त्याच्या पेटीत तिरप्या, खरबरीत सालीच्या, अंगाएवढ्या जाड फांद्या लावतात. दिव्याखालचे टोक गरम आणि दुसरे थंड असावे लागते. अतिनील दिव्याचे अंतरही मोजूनच ठरवावे, कारण उंच फांदी दिव्याच्या फार जवळ गेली तर अंग भाजते. जड दगड वाळूवर न ठेवता थेट पेटीच्या तळावर बसवावेत, नाहीतर खाली उकरणारा सरडा त्याखाली चिरडला जातो.

सगळ्यांना एकच माप लावणे मात्र चूक. थरच्या वाळवंटातला सांडा हा काटेरी शेपटीचा सरडा प्रामुख्याने बिळात राहतो. त्याची खरी गरज खोल मातीची. लेपर्ड गेकोच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, तरी ओबडधोबड दगडावर तो नखांच्या आधाराने चढतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याला उष्णता, अन्न, वास, वस्तू आणि दृश्य अशा पाच प्रकारची समृद्धी, म्हणजे पेटीतले जगणे विविध करणारी भर, देऊन पाहिली गेली. तिचा परिणाम त्याच्या वागण्यात दिसला. सरड्याला पेटीतला फरक कळत नाही, असे म्हणायला त्यानंतर जागा उरली नाही.

भारतात सांडा हा वन्यजीव संरक्षण कायद्याखालचा प्राणी आहे. तो घरी पाळता येत नाही. कुणी विकायला आणला तर वनखात्याला कळवावे.