सेकंड हँड गाडी घेताय? बोनेट नंतर उघडा, आधी आरसी बघा

सकाळी नाशिक फाट्यावर, भोसरीत, मोशीत कंपनीच्या बसची वाट बघत माणसं उभी असतात. यातले कित्येक जण चाकणला दिवसभर गाड्याच बनवतात. कुणी दरवाजा बसवतं, कुणी वायरिंग जोडतं, कुणी शेवटची तपासणी करतं. पण स्वतःच्या घरासाठी गाडी घ्यायची म्हटली की शोरूमचा आकडा पगारात बसत नाही.

मग मोबाईलवर शोध सुरू होतो. "एमएच १४, सिंगल ओनर, ४० हजार किमी, अर्जंट विकणे आहे."

गाडी बघायला जाताना आपण ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतो. न्यायलाच पाहिजे. पण इंजिनचं काम निघालं तर ते पैसे घालून सुटतं. कागदात घोळ निघाला तर पैसेही जातात आणि गाडी नुसती दारात उभी राहते. पहिल्यांदा गाडी घेणारा नेमका इथेच फसतो. म्हणून सुरुवात कागदापासून करू.

गाडी बघायला जायच्या आधी काय तपासायचं?

विकणाऱ्याकडून गाडीचा नंबर घ्या आणि एमपरिवहन ॲपवर टाका. नोंदणीची तारीख, इंधन, इन्शुरन्स आणि पीयूसीची मुदत, गाडीवर कर्ज आहे का, हे तिथे दिसतं. महाराष्ट्र ट्रॅफिक पोलिसांच्या ई-चलन साईटवर थकलेला दंडही बघता येतो. हा दंड कोण भरणार, ते भाव ठरवतानाच बोलून घ्या.

मग आरसीचा फोटो मागवा. त्यावर मालकाचा क्रमांक असतो, म्हणजे विकणारा कितवा मालक आहे ते कळतं. "सिंगल ओनर" खरं की खोटं, इथेच समजतं.

आपल्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. इथल्या कंपन्यांमध्ये स्टाफची ने-आण करायला पुष्कळ गाड्या लागतात. तीन शिफ्टमध्ये पळालेली गाडी आणि रविवारी देहू-आळंदीला जाणारी गाडी, दोन्ही एकाच वर्षाच्या असल्या तरी एकसारख्या नसतात. गाडी आधी टॅक्सी म्हणून नोंदलेली होती का, हे स्पष्ट विचारा.

बाहेरच्या राज्याचा नंबर स्वस्त का मिळतो?

दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली, तशा तिकडच्या गाड्या इतर राज्यांत कमी भावात येऊ लागल्या. गाडी चांगली असूही शकते. पण तिथल्या आरटीओची एनओसी लागते, इथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्सही भरावा लागतो. हा सगळा खर्च धरल्यावरही ती स्वस्त पडते का, हे आधी कागदावर मांडा.

गाडी समोर आल्यावर काय बघायचं?

मेकॅनिक इंजिन बघेल. तोवर चार गोष्टी तुम्ही स्वतः बघा.

पहिली, चॅसी नंबर. आरसीवरचा आणि गाडीवर कोरलेला नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. खाडाखोड दिसली तर तिथूनच मागे फिरा.

दुसरी, टायर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातल्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी २०२१ ची, २० हजार किलोमीटर फिरलेली आणि चारही टायर २०२४ चे असतील, तर इतक्यात टायर का बदलावे लागले, हे विचारा. मीटर मागे फिरवता येतो. सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी मात्र तारखेनुसार असतात. मालकाला सोबत घेऊन त्या काढायला सांगा.

तिसरी, सीट बेल्ट. तो शेवटपर्यंत बाहेर ओढा. टोकाला चिखलाचे डाग किंवा कुबट वास असेल तर गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिलेली असू शकते. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या कशा बुडाल्या ते आपण पाहिलंय. अशी गाडी धुऊन चकाचक होते, पण वायरिंगचा त्रास पुढे कधीही निघू शकतो.

चौथी, इंजिन गार असताना गाडी सुरू करा. तुम्ही पोहोचायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल, तर का ते विचारा.

भाव कसा ठरवायचा?

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. त्यामुळे जुन्या गाडीचा मालक "मी इतक्याला घेतली होती" म्हणत असेल, तर तो आकडा बाजूला ठेवा. तेच मॉडेल आज शोरूममध्ये कितीला मिळतं, तिथून मोजायला सुरुवात करा.

डिसेंबर २०२४ मध्ये "जुन्या गाडीवर आता १८ टक्के जीएसटी" असे मेसेज फिरले होते. त्यात अर्धीच गोष्ट होती. हा कर जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याला लागतो, तोही त्याच्या नफ्यावर, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. तुम्ही शेजाऱ्याची घरगुती गाडी थेट घेतली तर त्यावर जीएसटी नाही.

कंपनी आज बाजारात आहे का, हेही बघा. शेवरोलेची बीट आपल्या तळेगावातच बनायची. पण जनरल मोटर्सने २०१७ च्या शेवटी भारतातली विक्री थांबवली आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईकडे गेला. अशी गाडी स्वस्त मिळते, पण पार्ट मिळतील का, हे आपल्या मेकॅनिकला विचारल्याशिवाय घेऊ नका. फोक्सवॅगनची चाकणमध्ये बनणारी पोलोही २०२२ मध्ये बंद झाली. पण तिथे फक्त मॉडेल बंद झालं, कंपनी इथेच आहे. हा फरक मोठा आहे.

सगळ्यात महत्त्वाचं : गाडी नावावर करणं

गाडी आवडली, भाव ठरला, चावी हातात आली, पेढे वाटले. पण गाडी अजून तुमची झालेली नाही.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर आधी तो उतरला पाहिजे. त्यासाठी बँकेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो. "कर्ज फिटलंय, कागद नंतर देतो" यावर पूर्ण पैसे देऊ नका.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का, तेही बघा. नाहीतर आरटीओतलं काम अडतं.

हे टाळलं तर काय होतं? २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका अपघाताच्या खटल्यात स्पष्ट केलं की गाडी पुढे कितीही हातांत गेली, तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. म्हणजे नाव बदलण्याची गरज विकणाऱ्यालाही तुमच्याइतकीच आहे. तो टाळाटाळ करत असेल तर त्याला हे सांगा.

एजंटकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र आहे का, ते विचारा. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे.

इन्शुरन्स आपोआप येत नाही

गाडीसोबत इन्शुरन्सचा कागद मिळतो, पण पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावरच असते. १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून ती नावावर करून घ्या. तोवर तुमच्याकडून दुसऱ्याचं नुकसान झालं तर पॉलिसी लागू राहते, पण तुमच्या स्वतःच्या गाडीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. आणि नो क्लेम बोनस जुन्या मालकाचाच असतो, त्यामुळे थोडा फरक भरायची तयारी ठेवा.

पैसे कसे द्यायचे?

टोकन कमीत कमी द्या. बाकीचे पैसे आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच बँक खात्यात टाका. गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ घालून पावती लिहा आणि दोघांच्याही सह्या घ्या. तुम्ही चावी घ्यायच्या आदल्या रात्री त्या गाडीने काही केलं असेल, तर हीच पावती तुम्हाला वाचवते. थोडी रक्कम आरसीवर नाव चढेपर्यंत मागे ठेवता आली तर उत्तम. भाव ठरवतानाच हे बोला, बरेच जण तयार होतात.

नव्या आरसीवर तुमचं नाव आलं, की मग पेढे वाटा.