क्रुसाखाली थडगं नसतं

मोहगाव-सौंसरकडचा माणूस मुंबईला गेला की गिरगाव, माझगाव, वांद्र्याच्या गल्ल्यांत त्याला नाक्यानाक्यावर दगडी क्रूस दिसतात. इथे कुणाला तरी पुरलं असणार, असं त्याला वाटतं. तसं नसतं. दफनभूमी वेगळी. हे क्रूस नवसाचे, उपकार मानण्याचे आणि वस्तीने प्रार्थनेला जमण्याचे.

हे सगळे पोर्तुगीजांनी उभारले, हाही असाच एक समज. पण चौथऱ्यावरचं साल वाचावं. मुंबई बेट सतराव्या शतकातच इंग्रजांकडे गेलं, वसई १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतली. आणि पुष्कळ क्रूस आहेत १८९६ नंतरचे. त्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. पिसवांमधून रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवलं, ते १८९८ साली. तोवर माणसांनी क्रूस उभारून देवाला साकडं घातलं तर नवल काय? साथीच्या दिवसांत मातामाय देवीपुढे हात जोडणाऱ्या आपल्या मुलखाला हे वेगळं सांगायला नको.

पण म्हणून सरसकट ‘प्लेगचे क्रूस’ म्हणणंही चूकच. वांद्र्याच्या सेंट अँड्र्यू चर्चच्या आवारातला उंच क्रूस प्लेगच्या कितीतरी आधीचा. एकाच दगडाचा, सुमारे सतरा फुटी, अंगभर येशूच्या यातनांची चिन्हं कोरलेला. अशा कोरीवकामात खिळे, हातोडी, शिडी, काट्यांचा मुकुट असतो. ती नुसती नक्षी नाही: खिळे हातापायांत ठोकले ते, शिडी मृतदेह खाली उतरवायची. ज्याला अक्षर येत नाही त्यानेही कथा वाचावी, असा बेत. फ्रान्सच्या ब्रिटनीत तर गिमिलियो गावच्या क्रुसाभोवती (१५८१-८८) दोनशेच्या आसपास दगडी आकृत्या आहेत. तिथल्या प्लुगास्तेलचा क्रूस १५९८ ची प्लेगची साथ ओसरल्यावर, १६०२-०४ मध्ये उभा राहिला. म्हणजे साथ आणि क्रूस ही जोडी काही मुंबईची एकटीची नव्हे.

आता हे जुने दगड निकामी झाले, असंही कुणी म्हणतं. मे महिन्यात संध्याकाळी गावठणात जाऊन बघा. क्रुसाला झेंडूचे हार, मेणबत्त्या, शेजारपाजाऱ्यांची रोझरीची प्रार्थना, मग उकडलेले चणे. परधर्मी शेजारीही जाता-येता फूल वाहतात.

खरं नुकसान भक्तांच्याच हातून होतं. दरवर्षी ऑइल पेंटचा नवा थर चढतो आणि चौथऱ्यावरचं साल बुजतं. मग शंभर-सव्वाशे वर्षांचा क्रूस ‘पोर्तुगीजकालीन’ ठरतो.