ब्लॉकचा गुळगुळीत चेहरा

करंज्याला आमच्या घरामागे एक खोली बांधली, त्या खोलीच्या एका भिंतीबद्दल आज बोलायचं आहे. मी कवी माणूस. भिंतींबद्दल आजवर जे काही लिहिलं ते माणसामाणसांतल्या भिंतींबद्दल. ही भिंत मात्र खरीखुरी, सिमेंटच्या ब्लॉकची. तिला भेग गेली आणि त्या भेगेपायी मला ब्लॉक तयार करणारं मशीन जाऊन बघावं लागलं.

पनवेलहून उरणला यायचं आणि उरणहून द्रोणागिरीच्या पायथ्याशी समुद्राकडे वळायचं, की करंजा. कोळ्यांचं गाव. धक्क्यावरून पलीकडे रेवसला लाँच सुटते. इथली हवा खारी. सायकल अंगणात ठेवली तर वर्षभरात गंजते आणि भिंतीच्या पायाशी मिठाचं पांढरं फूल येतं. माझ्या लहानपणी इथली घरं विटांची, वर कौलं. वीट भट्टीवरून यायची. पावसाळा सरला की कातकऱ्यांची कुटुंबं उचल घेऊन भट्टीवर जायची, ती पुढच्या पावसापर्यंत तिथेच. अजूनही जातात. पुढे १९८९ साली न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं, सिडकोचे भूखंड पडले, जिकडेतिकडे बांधकामं निघाली आणि विटेच्या जोडीला राखाडी रंगाचा सिमेंट ब्लॉक आला.

ब्लॉक का आवडला याचं उत्तर गवंड्याला विचारा. सोळा इंच लांब, आठ इंच उंच आणि आठ इंच जाड असा एक ब्लॉक लावला की आठ विटांची जागा भरते. वीट आठ वेळा उचलायची, आठ वेळा थापीनं माल पसरायचा, ते काम एकदाच. भिंत भराभर वर येते. भरीव ब्लॉक असेल तर तो पस्तीस किलोच्या आसपास भरतो, म्हणजे गवंड्याची पाठ मोडते. म्हणून पोकळ ब्लॉक, मधे दोन भोकं ठेवलेला, किंवा चार-सहा इंच जाडीचा भरीव. अलीकडे जो हलका, पांढरट ब्लॉक मिळतो आणि ज्याला सरसकट ‘सिपोरेक्स’ म्हटलं जातं, तो वेगळा. तो कारखान्यात वाफेच्या दाबाखाली पिकतो. मी बोलतोय तो उघड्या यार्डात, ऊनवाऱ्यात तयार होणाऱ्या साध्या ब्लॉकबद्दल.

अम्मीचे गुडघे गेले. तिला जिना नको म्हणून खाली खोली काढायची ठरली. ब्लॉक आणायला मी स्वतः गेलो. एका यार्डात मला फार देखणे ब्लॉक दिसले. कडा सरळ, अंग गुळगुळीत, हात फिरवला तर पाटीसारखा. मी भाव न करता ऑर्डर दिली. ट्रक उतरला तेव्हा खालच्या थरातले ब्लॉक हाताला गार लागत होते, थोडे ओलेही होते. मला वाटलं, ताजा माल. भाजी ताजी घ्यावी तसा मी ब्लॉक ताजा घेतला! आठवडाभरात भिंत उभी, पंधरा दिवसांत गिलावा. पुढच्या मार्चमध्ये अम्मीच्या उशाशी एक भेग दिसली. सरळ नाही, जिन्यासारखी, पायरी पायरीनं सांध्यासांध्यातून वर चढलेली. पंख्याचं बटण बसवायला भिंत कोरली, तर वरचा गुळगुळीत पापुद्रा निघाला आणि आतून माल भुसभुशीत गळायला लागला. अम्मीची खाट त्या दिवशी आम्ही दुसऱ्या भिंतीला नेली.

मग मी दुसऱ्या एका यार्डात गेलो. खरेदीला नाही, बघायला. मशीन चालवणारा औसा तालुक्यातला, चाळिशीचा. त्यानं मला स्टूल दिलं आणि म्हणाला, “बसा काका, पण धूळ खावी लागंल.”

मशीन दिसायला अगदी साधं. चार चाकांवर एक लोखंडी सांगाडा. वर नसराळ्यासारखी पेटी, तीत मिक्सरमधून कालवलेला माल पडतो. खाली साचा: तळ नसलेला, वर झाकण नसलेला, जाड पोलादी पट्ट्यांचे कप्पे असलेला. साचा जमिनीवर टेकतो, मालाचा खण त्याच्यावर सरकतो, कप्पे भरतात आणि मशीन थरथरायला लागतं. मोटरच्या दांड्यावर एका बाजूला जड केलेली वजनं असतात. दांडा मिनिटाला हजारो फेरे फिरला की ती वजनं सगळ्या साच्याला हिसके देतात. त्याच वेळी वरून कप्प्यांच्या मापाचे दट्टे खाली दाबतात. काही सेकंदांनी साचा वर उचलला जातो, दट्टे मात्र ब्लॉकवर क्षणभर तसेच राहतात, म्हणजे माल साच्याबरोबर वर ओढला जात नाही. मग दट्टेही वर. जमिनीवर सहा ब्लॉक उभे. मशीन दोन हात पुढे सरकतं आणि पुढचे सहा घालतं. या धंद्यात त्याला ‘एग लेइंग मशीन’ म्हणतात, अंडी घालणारं. नाव ठेवणारा माणूस नक्की कोंबड्या पाळणारा असावा.

आता गंमत अशी की साचा निघाल्याबरोबर ब्लॉक स्वतःच्या पायावर उभा राहतो. सिमेंट आवळायला तर तास लागतात. मग तो ढासळत कसा नाही? कारण माल जवळजवळ कोरडा असतो. स्लॅबचं काँक्रीट आमटीसारखं वाहतं. ब्लॉकच्या मालाची मूठ वळली तर लाडू वळला पाहिजे, तळहात ओलसर झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी निघता कामा नये. तांदळाच्या पिठाची उकड काढणाऱ्या बाईला हे एका वाक्यात कळेल. इतका कोरडा माल नुसता भरला तर त्यात पोकळ्या राहणारच. डब्यात रवा भरताना आपण डबा ओट्यावर आपटतो, रवा खाली बसतो, आणखी दोन मुठी मावतात. मशीनची थरथर तेच करते. खडीचे आणि कचेचे कण एकमेकांना धरून उभे असतात, हिसक्यानं त्यांची पकड सुटते, ते घट्ट बसतात, हवा निघून जाते. आणि सर्वांत बारीक माल, सिमेंट आणि दगडाची पूड, साच्याच्या पत्र्याशी जाऊन बसतो. ब्लॉकचा गुळगुळीत चेहरा म्हणजे हाच बारीक मालाचा थर.

म्हणजे चेहरा खोटा नसतो. पाणी कमी पडलं तर अंग खरबरीत येतं, कोपरे झडतात. पाणी जास्त झालं तर साचा वर जाताना माल चिकटतो आणि ब्लॉकवर उभे ओरखडे पडतात, कंबरेत तो फुगतो. बारीक कच कमी असेल तर चाळणीसारखी भोकं दिसतात. आपल्या काळ्या पाषाणाची कच फार कडक. साच्याच्या पट्ट्या ती खात जाते. पट्ट्या झिजल्या की ब्लॉक जाड येतो, कडांना मिशा फुटतात. पट्टी बदलायला पैसे लागतात, म्हणून बदल पुढे ढकलला जातो. खाडीच्या वाळूवर २०१० नंतर न्यायालयाचे निर्बंध आले, तेव्हापासून क्रशरची कच हाच मुख्य माल. माझ्या मते करंज्यासारख्या ठिकाणी ते बरंच झालं. खाडीची न धुतलेली वाळू म्हणजे भिंतीत कायमचं मीठ.

पण चेहऱ्याची नक्कल करता येते. भुसभुशीत ब्लॉकवर सिमेंटचं पातळ पाणी फिरवलं की तोही पाटीसारखा दिसतो. माझे ब्लॉक तसेच होते. शिवाय ते कच्चे होते, आणि भेग गेली ती मुख्यतः त्यामुळे. ब्लॉक वाळताना आक्रसतो. यार्डात आक्रसला तर कुणाचं काही बिघडत नाही. भिंतीत बसल्यावर आक्रसला तर सांधा फाटतो, आणि सांध्यांची वाट जिन्यासारखी असते म्हणून भेगही जिन्यासारखी. भारतीय मानक २१८५ सांगतं की ब्लॉक किमान १४ दिवस सतत ओला ठेवावा आणि नंतर चार आठवडे सावलीत वाळवूनच वापरावा. म्हणजे जवळजवळ दीड महिना. मी आठवडाभराचा ब्लॉक लावला होता. यार्डवाल्याला जागा रिकामी हवी होती, मला घाई होती. दोष एकट्या त्याचा नव्हे.

या मशीनची कुळकथा अमेरिकेची. हार्मन पामर नावाच्या माणसानं १९०० साली पोकळ ब्लॉकच्या यंत्राचं पेटंट घेतलं. बाजूचे पत्रे उघडणारा लोखंडी साचा, आत काढता येणारे गाभे, आणि माल हातानं धुमसून भरायचा. पुढे सीअर्स रोबक कंपनी अशी यंत्रं टपालानं घरपोच विकू लागली; शेतकऱ्यानं यंत्र मागवावं आणि आपल्या घराचे ब्लॉक आपणच पाडावेत. त्या काळी गुळगुळीत ब्लॉकला भाव नव्हता. साच्यात नक्षीचा पत्रा घालून ब्लॉकला घडीव दगडाचा खडबडीत चेहरा देत. सिमेंटनं दगडाचं सोंग घ्यायचं. हातच्या ठोकण्याऐवजी यंत्राची थरथर आली, ब्लॉक घट्ट आणि एकसारखा निघू लागला, तेव्हा कुठे साध्या चेहऱ्याची लाज गेली.

आपल्याकडे मात्र गुळगुळीत ब्लॉकला गवंडी नाक मुरडतो, तेही खरं. फार गुळगुळीत अंगावर गिलावा धरत नाही. आधी टाचे मारावे लागतात किंवा सिमेंटचा खरबरीत थर शिंपडावा लागतो. गिलावा न करता नुसता दर्जा भरून भिंत उघडी ठेवायची असेल तरच तो चेहरा कामाचा. कोकणच्या पावसात बाहेरून उघडी ठेवू नये, आतून खुशाल ठेवावी.

बोलता बोलता औशाच्या त्या माणसाला मी किल्लारीचं विचारलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तो सात-आठ वर्षांचा होता. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं माळवद, झोपलेल्या माणसांवर आलं. नंतर नवी गावठाणं उठली, त्यांत सिमेंट ब्लॉकची घरं बांधली गेली, तेव्हा त्यानं ब्लॉक पहिल्यांदा पाहिला. “लोक आत झोपायलाच भीत होते, काका. अंगणात खाट टाकायचे.” पोकळ ब्लॉकच्या भोकांचा उपयोग त्यानं मला तेव्हा दाखवला. कोपऱ्यातली भोकं एकावर एक आणायची, त्यांतून पायापासून छतापर्यंत सळई न्यायची आणि भोकात काँक्रीट भरायचं. भिंतीच्या पोटातच खांब तयार होतो. मी त्या भोकांना नुसतं सिमेंट वाचवायची युक्ती समजत होतो.

ब्लॉक पारखायचा कसा, तेही त्यानं शिकवलं. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज यावा, बद्द नको. खिळ्यानं ओरखडा काढावा. पापुद्रा निघाला तर ब्लॉक घेऊ नये. एक फोडून आतला रंग आणि भोकं बघावीत. वाळलेला ब्लॉक तोलून दिवसभर पाण्यात बुडवून पुन्हा तोलावा. मानकाप्रमाणे वजन दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढता कामा नये. आणि कोणत्या तारखेला पाडला ते विचारावं. तारीख सांगता येत नसेल तर दुसरं यार्ड बघावं.

मी त्याच्याकडूनच दीडशे ब्लॉक घेतले. ते आता आमच्या आंब्याखाली रचलेले आहेत, वर ताडपत्री. पहिले दोन आठवडे गोणपाट टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं, आता वाळताहेत. वरच्या ब्लॉकवर त्यानं खडूनं पाडल्याची तारीख लिहून दिली होती. पाण्यानं ती पुसली गेली, म्हणून अम्मीनं मला ती पुन्हा लिहायला लावली, या वेळी कोळशानं. खोलीतली जुनी भिंत गवंडी पुढच्या महिन्यात उतरवणार आहे.