डिलीट म्हणजे नावाला कंस

पुणे-सातारा महामार्गावर कामथडीजवळ गाड्यांची रांग लागली. कुणीतरी व्हिडिओ काढला, खाली '#कामथडी' लिहून टाकून दिला. वर्षभरानं तो शब्द शोधला, की कोट्यवधी पोस्टमधून तोच व्हिडिओ क्षणात वर येतो. कसा? तलाठ्याचं दफ्तर ज्यानं पाहिलंय, त्याला हे समजायला वेळ लागणार नाही.

सातबारा गट नंबरानं लावलेला असतो. पण एका खातेदाराची गावात कुठं कुठं जमीन आहे, हे पाहायला सगळे सातबारे चाळत नाहीत, आठ-अ काढतात. माहिती तीच, लावणी उलटी. डेटाबेसमधला 'इन्व्हर्टेड इंडेक्स' म्हणजे शब्दांचा आठ-अ: एकेका शब्दापुढे तो ज्या ज्या पोस्टमध्ये आला, त्यांचे क्रमांक.

फेसबुकला इनबॉक्समधल्या निरोपांसाठी असाच शोध हवा होता. त्यासाठी अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी 'कॅसँड्रा' हा डेटाबेस घडवला. २००८ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. त्याची शिस्तही महसुली वाटावी अशी. आपल्याकडे आधी फेरफार, मग सातबारा. तिथं प्रत्येक नोंद आधी 'कमिट लॉग'च्या शेवटी चढते. मध्येच वीज गेली, तरी लॉग वाचून हिशेब पुन्हा जुळवता येतो.

अडचणीही ओळखीच्याच. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं, की हेलपाटे ठरलेले. संगणकाला 'कामथडी' म्हणजे यूटीएफ-८ पद्धतीत १८ बाइट. तेच नाव रोमन लिपीत ८ बाइट. ही दोन्ही एकच गाव आहे, हे कुणी शिकवल्याशिवाय त्याला कळत नाही.

आणि पोस्ट डिलीट केली तर? जमीन विकली की जुन्या मालकाच्या नावाला कंस होतो. नाव खोडरबरानं पुसत नाहीत. कॅसँड्राही जुनी नोंद लगेच पुसत नाही, 'ही गेली' अशी नवी नोंद करतो. तिला 'टूम्बस्टोन' म्हणजे थडग्यावरचा दगड म्हणतात. कारण एकाच नोंदीच्या प्रती अनेक यंत्रांवर असतात. त्यातलं एखादं तेव्हा बंद असेल, तर चालू झाल्यावर ते जुनी प्रत पुढं करील आणि मेलेली पोस्ट उठून बसेल. म्हणून हा दगड, मूळ सेटिंग बदललं नसेल तर, निदान १० दिवस जागचा हलवत नाहीत. आपल्या पडद्यावरून पोस्ट गेलेली असते. दफ्तरात तिला नुसता कंस झालेला असतो.