भ्रूण प्रत्यारोपण आणि माजाचा दिवस

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील धावडा आणि आसपासच्या गावांत शेतीच्या जोडीला दोन-चार जनावरे अनेक घरी असतात. उत्तम वंशाची दुभती गाय विकत घेणे मात्र प्रत्येकास साधत नाही. अशा वेळी घरच्याच साध्या गाईच्या पोटी उत्तम वंशाचे वासरू जन्मास घालण्याची जी रीत आहे, तिला भ्रूण प्रत्यारोपण असे म्हणतात. ही रीत खर्चाची आहे. आणि तिचे यशापयश पुष्कळ अंशी एका साध्या गोष्टीवर, म्हणजे दिवसांच्या अचूक मोजणीवर, अवलंबून असते.

गीर, देवणी किंवा लाल कंधारी वंशाच्या निवडक गाईपासून भ्रूण मिळवितात. या गाईस दाता गाय म्हणतात. ज्या गाईच्या गर्भाशयात तो ठेवावयाचा, ती ग्राहक गाय होय. वासराचा वंश दाता गाईचा व वळूचा असतो. ग्राहक गाय केवळ त्याचे पोषण करते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे या पद्धतीचे पहिले वासरू १९५१ साली जन्मले. आपल्या देशात कर्नाल येथील राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत १९९० साली प्रयोगशाळेत फलन झालेल्या भ्रूणापासून म्हशीचे रेडकू जन्मास आले. त्याचे नाव ‘प्रथम’ असे ठेवण्यात आले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८६ साली हर्षा या बालिकेचा जन्म झाला, तोही याच तत्त्वावर.

आता दिवसांचा प्रश्न. गाईच्या माजाचे चक्र सरासरी २१ दिवसांचे असते. माज संपल्यावर सुमारे दहा-बारा तासांनी स्त्रीबीज बाहेर पडते. फलन झालेले बीज चौथ्या-पाचव्या दिवशी गर्भाशयात उतरते आणि सातव्या दिवशी मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्याएवढे होते. याच अवस्थेत ते ग्राहक गाईत ठेवितात. तिचे गर्भाशयही त्या दिवशी त्याच तयारीत असले पाहिजे. बीज सुटलेल्या जागी पीतपिंड तयार होतो आणि त्याचा स्राव गर्भाशयास गर्भ धारण करण्यायोग्य बनवितो. भ्रूण सात दिवसांचा आणि गर्भाशय चार दिवसांचे, असा मेळ बसत नाही. एका दिवसाचा फरक चालून जातो. दोन दिवसांचा झाला की यश झपाट्याने घटते. पुढे पंधराव्या-सोळाव्या दिवसाच्या सुमारास वाढता भ्रूण आपण असल्याची खूण गर्भाशयास देतो. ती वेळेवर न मिळाल्यास पीतपिंड विरघळतो व गाय पुन्हा माजावर येते.

म्हणून पशुवैद्यकास सांगावयाची पहिली गोष्ट म्हणजे माजाचा दिवस व वेळ. पुष्कळ पशुपालक संकोचाने “परवा असावा” असे सांगतात. अंदाजाने सांगितलेला दिवस न सांगितल्यापेक्षा वाईट. कारण त्यावर विसंबून मोलाचा भ्रूण वाया जातो. दिवस खात्रीचा नसेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि पुढील माजाची वाट पाहावी.

गाय दुसऱ्या जनावरास अंगावर चढू देते व स्वतः स्थिर उभी राहते, हे माजाचे खरे लक्षण. काचेसारखा तारदार बळस, हंबरणे, वारंवार लघवी करणे ही सोबतची लक्षणे होत. वेचणी-तोडणीच्या दिवसांत गोठ्याकडे कोणाचे लक्ष नसते आणि माज रात्रीतून निघून जातो. म्हशींत तर मुका माज फार. पहाटे व सायंकाळी अर्धा अर्धा तास जनावरांजवळ थांबावे.

यशाविषयी भलत्या आशा लावू नयेत. ताजा भ्रूण, निरोगी ग्राहक गाय व कुशल हात असे सर्व जुळले, तर शंभरांपैकी पन्नास-साठ गाई गाभण राहतात. गोठविलेल्या भ्रूणाचे प्रमाण त्याहून कमी असते. खेड्यातील गोठ्यात शंभरांत तीस-पस्तीस राहिल्या, तरी काम वाईट झाले असे समजू नये. कृत्रिम रेतनातही सर्व गाई पहिल्या खेपेस फळत नाहीत. रोडावलेली, नुकतीच व्यालेली किंवा गर्भाशयाचा विकार असलेली गाय मात्र ग्राहक म्हणून निवडूच नये. उन्हाळ्यासंबंधी एक गोष्ट उपयोगाची आहे. कडक उष्म्याचा घात भ्रूणास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत अधिक होतो. सात दिवसांचा भ्रूण तो बराच सहन करतो. तथापि सावली व मुबलक पाणी यांत कसूर होऊ देऊ नये.

प्रत्यारोपणानंतर मोजणीत एक चूक नेहमी होते. समजा, १ तारखेस सोमवारी पहाटे गाय माजावर आली आणि ८ तारखेस भ्रूण ठेविला. गाय उलटणार असेल तर ती २२ तारखेच्या सुमारास, म्हणजे प्रत्यारोपणानंतर चौदा दिवसांनी माज दाखवील. पशुपालक प्रत्यारोपणापासून २१ दिवस मोजतो, २९ तारखेस गाईकडे पाहतो आणि माज नाही म्हणून निश्चिंत होतो. तो तर आठवड्यापूर्वीच येऊन गेलेला असतो. यास्तव १९ ते २५ तारखांस गाईवर विशेष लक्ष ठेवावे. माज न दिसला तरी दोन-तीन महिन्यांनी पशुवैद्यकाकडून गर्भतपासणी करवून घ्यावी. विण्याची तारीखही माजाच्या दिवसापासूनच, सुमारे २८० दिवस, धरावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक ग्राहक गाईच्या नोंदीत माजाची तारीख व वेळ, प्रत्यारोपणाची तारीख आणि पाळत ठेवण्याचे दिवस एकाच ओळीत लिहून त्याची प्रत गोठ्याच्या भिंतीस लावून द्यावी.